आंतरराष्ट्रीय मदत : दात्याची मर्जी की आपद्ग्रस्ताचा हक्क?

परदेशातील आपद्ग्रस्तांना मदत पाठवणे हे आज सर्वच सरकारांचे कर्तव्य मानले जाते. मात्र ही मदत दात्याच्या मर्जीवर सोडावी की तो आपद्ग्रस्ताचा हक्क मानावा, हा वाद सुमारे शंभर वर्षांचा आहे. १८६३ मध्ये जिनिव्हात रेड क्रॉसची समिती स्थापन झाली ती रणांगणावरील जखमींसाठी. भूकंप किंवा पूर तिच्या मूळ कार्यकक्षेत नव्हते.

डिसेंबर १९०८ मध्ये इटलीतील मेसिना शहर भूकंप आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने उद्ध्वस्त झाले. इटालियन रेड क्रॉसचे अध्यक्ष राहिलेले जोव्हानी चिराओलो यांनी पुढे असा विचार मांडला, की राष्ट्रांनी विम्याच्या हप्त्यासारखी वर्गणी आधीच भरून ठेवावी, म्हणजे संकटात कोणाला याचना करावी लागणार नाही. १९२७ मध्ये तसा करार झाला आणि १९३२ मध्ये आंतरराष्ट्रीय मदत संघ अस्तित्वात आला. पण तोवर सरकारांनी वर्गणीला इतकी कात्री लावली होती, की संघ नावापुरताच उरला. या क्षेत्रातील ही सर्वांत मोठी हुकलेली संधी होती, असे मला वाटते.

नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानात आलेल्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे दगावली आणि पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी आपत्ती मदतीसाठी स्वतंत्र कार्यालय उघडले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या १९९१ च्या ठराव ४६/१८२ ने मानवता, तटस्थता आणि निःपक्षपातीपणा ही तत्त्वे निश्चित केली, मात्र मदत बाधित देशाच्या संमतीनेच द्यावी, हेही त्यातच नमूद झाले.

खरी कसोटी लागली ती जुलै १९९४ मध्ये, झाईरमधील (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) गोमा येथे. रवांडातून लाखो निर्वासित काही दिवसांत तेथे पोहोचले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची असल्याने ना शौचालयांचे खड्डे खणता येत होते, ना कबरी. कॉलऱ्याच्या साथीने पहिल्या महिन्याभरात हजारो बळी घेतले. मदतसंस्था अनेक होत्या, पण प्रत्येकीची कामाची पद्धत वेगळी, आणि काहींना तर अशा कामाचा अनुभवच नव्हता. या अनुभवातून १९९७ मध्ये 'स्फिअर' हा उपक्रम सुरू झाला. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक शौचालय, असे निकष त्याने घालून दिले आणि सन्मानाने जगण्याच्या हक्काशी ते जोडले. चिराओलोंचा विचार इथे वेगळ्या रूपात परतला, पण पैशाच्या हमीविना.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मदतीचा ओघ विक्रमी होता, तरी सुरुवातीचे बहुतेक जीव शेजारीपाजारी आणि गावकऱ्यांनीच वाचवले होते. म्हणूनच २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि मदतसंस्थांनी असे ठरवले, की २०२० पर्यंत मदतनिधीचा किमान २५ टक्के हिस्सा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांना द्यावा. ती मुदत उलटून गेली, उद्दिष्ट गाठले गेले नाही, आणि बहुतांश पैसा आजही संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणा व मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांमार्फतच खर्च होतो.