अवयव प्रत्यारोपणातील ऊतक-ऑक्सिजनाचे प्रकाशीय प्रतिमांकन

प्रत्यारोपण शस्त्रक्रियेत अवयवाच्या ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांना) पुरेसा ऑक्सिजन मिळतो आहे की नाही, हे त्यांवर प्रकाश टाकून आणि परत आलेल्या प्रकाशाचे विश्लेषण करून पाहण्याची पद्धत. ती अवयवाला स्पर्श न करता वापरता येते आणि एका बिंदूऐवजी संपूर्ण दृश्य पृष्ठभागाचा नकाशा देते.

दात्याच्या शरीरातून काढलेला अवयव थंड द्रावणाने धुऊन साधारणपणे ४° से. तापमानाच्या आसपास ठेवतात. मूत्रपिंड या अवस्थेत सुमारे एक दिवस तग धरते, हृदय मात्र ४ ते ६ तासच. ग्राहीच्या (अवयव स्वीकारणाऱ्या रुग्णाच्या) शरीरात रक्तवाहिन्या जोडून चिमटे सोडले की फिकट पडलेले मूत्रपिंड पाहता पाहता गुलाबी होते आणि हाताला घट्ट लागते. शल्यचिकित्सक याच खुणांवरून रक्तपुरवठ्याचा अंदाज घेतात. अनुभवी नजरेचे मोल मोठेच आहे. परंतु रंगातील सूक्ष्म फरक डोळ्याला टिपता येत नाही आणि दोन तज्ज्ञांचा अंदाज नेहमी जुळतोच असे नाही.

या पद्धतीचा पाया हीमोग्लोबिनाच्या प्रकाशशोषणात आहे. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाचे शोषण ऑक्सिजनरहित हीमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिनाच्या सुमारे दहापट करते. ८०० नॅनोमीटरच्या जवळ दोघांचे शोषण सारखे होते आणि त्यापुढे हे नाते उलटते. त्यामुळे अनेक तरंगलांब्यांवर मापन केल्यास ऑक्सिजन-संपृक्ततेचे (एकूण हीमोग्लोबिनापैकी ऑक्सिजनयुक्त भागाचे) प्रमाण आणि एकूण हीमोग्लोबिन या दोन्ही गोष्टी काढता येतात. ७०० ते ९०० नॅनोमीटर या निकट अवरक्त (तांबड्या प्रकाशाच्या लगतच्या, डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या) पट्ट्यात ऊतक प्रकाश कमी शोषत असल्याने तो दृश्य प्रकाशापेक्षा खोल जातो. १९७७ मध्ये फ्रान्स यॉब्सिस यांनी याच पट्ट्याचा उपयोग करून मेंदू व हृदयातील ऑक्सिजनाची स्थिती बाहेरून मोजता येते हे दाखवले. अतिवर्णपटीय कॅमेरा प्रतिमेतील प्रत्येक बिंदूचा संपूर्ण वर्णपट नोंदवतो आणि त्यावरून संपृक्ततेचा रंगीत नकाशा तयार होतो.

संपृक्तता आणि एकूण हीमोग्लोबिन हे दोन आकडे एकत्र वाचणे निदानाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. धमनीत अडथळा आला तर संपृक्तता घटते आणि ऊतकातील रक्तही कमी होते. नीला (अवयवातून रक्त परत नेणारी वाहिनी) पिळली गेली किंवा दबली तर संपृक्तता घटते, पण रक्त साचून एकूण हीमोग्लोबिन वाढते. जोडणी कोणत्या बाजूला तपासावी, याचा इशारा त्यातून मिळतो. यकृताच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे असते, कारण त्याला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त प्रतिहारी नीलेतून (आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या वाहिनीतून) मिळते, तर ऑक्सिजनाचा जवळजवळ निम्मा वाटा यकृत धमनीचा असतो. धमनीतील गुठळीकडे दुर्लक्ष झाले तर पित्तनलिकांना मोठी इजा होते, कारण त्यांचे पोषण मुख्यतः धमनीवरच अवलंबून असते.

इंडोसायनिन ग्रीन हे प्रतिदीप्त (प्रकाश टाकल्यावर स्वतः वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश देणारे) रंजक शिरेतून देऊन घेतलेली प्रतिमा पुष्कळदा याच प्रकारात गणली जाते. वास्तविक ती रक्ताचा प्रवाह दाखवते, ऑक्सिजन नव्हे.

मर्यादाही ठळक आहेत. परावर्तित प्रकाश वरच्या काही मिलिमीटरांपुरतीच माहिती देतो, त्यामुळे मूत्रपिंडाच्या आतल्या भागाची स्थिती त्यातून निश्चित कळत नाही. पृष्ठभागावर सांडलेले रक्त, पित्त, यकृतातील चरबी, ओल्या पृष्ठभागावरची चकाकी, शस्त्रक्रियेचे दिवे आणि श्वासागणिक होणारी हालचाल यांमुळे मापन बिघडते. शिवाय संपृक्तता जास्त दिसणे म्हणजे पेशी निरोगी असणे नव्हे: थंड किंवा इजा झालेल्या पेशी ऑक्सिजन वापरतच नसतील, तरी रक्त ऑक्सिजनयुक्तच राहते. म्हणून डॉप्लर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणे), रक्तातील लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडल्यास पेशींत वाढणारा पदार्थ), मूत्रनिर्मिती किंवा पित्तस्राव यांच्या जोडीनेच या नकाशाचा अर्थ लावावा लागतो. यंत्राद्वारे अवयव जिवंत ठेवण्याच्या पद्धतीत द्रावणात तांबड्या पेशी नसतील, तर हीमोग्लोबिनावर आधारलेले हे मापन लागूच पडत नाही.