10 टक्के बदल केला म्हणून पेटंटमधून सुटका होत नाही
गाडीच्या सनव्हायजरला चष्मा अडकवायची ती छोटी क्लिप असते ना, तिच्या पेटंटवरून भांडण निघालं की कोणीतरी हमखास म्हणतंच, "अरे 10 टक्के बदल केला की झालं, मग पेटंट लागत नाही!" कुठून आलंय हे देव जाणे, पण पेटंटच्या कायद्यात असा टक्क्यांचा नियमच नाही.

कोर्ट बघतं ते पेटंटमधले क्लेम्स, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय ती वाक्यं. समजा क्लेममध्ये तीन गोष्टी आहेत, व्हायजरला धरणारा चिमटा, चष्म्याची काडी बसेल अशी खाच आणि दोन्हीला जोडणारा फिरता सांधा. आता तुम्ही रंग बदला, आकार बदला, वर पेन ठेवायची जागा पण द्या, त्या तिन्ही गोष्टी आहेत ना, मग अडकलात. उलट सांधाच काढला आणि त्याचं काम करणारं दुसरं काहीच ठेवलं नाही तर बहुतेक सुटलात, भले बाकी क्लिप डिट्टो दिसेना का (दिसण्यासाठी डिझाइन रजिस्ट्रेशन वेगळं असतं, ते बघा आधी).

आणि हो, पाकिटावर 'पेटंट पेंडिंग' छापलंय म्हणजे पेटंट मिळालंय असं नाही, अर्ज टाकलाय एवढंच. मिळालं तरी साधारण अर्जापासून 20 वर्षं, तेही ज्या देशात घेतलंय तिथंच.