शिराझमधली मिरी

आतेभावाने ऑस्ट्रेलियाहून आणलेली शिराझची, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाच्या लाल वाइनची, बाटली परवा घरी उघडली. मामांनी ग्लास नाकाशी नेला आणि विचारलं, "यात काळी मिरी घातलीय का रे?" मामींना मात्र दोनदा हुंगूनही मिरीचा पत्ता लागला नाही. खरं तर दोघांचीही नाकं ठणठणीत होती.

मिरी कोणी घालत नाही. तो वास द्राक्षाच्या सालीतच तयार होतो, रोटंडोन नावाच्या रेणूमुळे. काळ्या मिरीतही हाच रेणू असतो, वाइनच्या हजारो पट. लाल वाइनमध्ये लिटरला 16 नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) एवढाच असला तरी तो जाणवतो. 25 लाख लिटर पाण्याचा ऑलिंपिक तलाव डोळ्यांसमोर आणा. त्यात 40 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण मिरीच्या एका दाण्याच्या वजनाइतका रोटंडोन मिसळला की झालं तेवढं प्रमाण. तरीही चाचणीत सुमारे 20 टक्के लोकांना पाण्यात लिटरला 4000 नॅनोग्रॅम असतानाही तो ओळखता आला नाही. मामी त्यांतल्याच असाव्यात.

हा रेणू सापडला कसा, हा मला सगळ्यात आवडणारा भाग. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या हाती आधी अल्फा-इलँजीन नावाचं दुसरंच संयुग लागलं. मिरीच्या वासाबरोबर तेही कमी-जास्त व्हायचं, पण वास त्याचा नव्हता. मग मदतीला आली गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याची पद्धत. तीत नमुन्याची वाफ केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून सोडतात आणि घटक एकामागून एक बाहेर पडतात. नळीच्या टोकाशी माणूस नाक लावून बसतो. रोटंडोन इतर घटकांच्या गर्दीत इतका थोडा असतो की आलेखावर त्याचा उंचवटा सहज दिसत नाही, नाकाला मात्र त्याच क्षणी मिरी लागते. 2008 मध्ये त्याची ओळख पटली. रसायनशास्त्राच्या भाषेत हा सेस्क्विटर्पीन (वनस्पतींत आढळणाऱ्या 15 कार्बनी रेणूंचं कुळ) कीटोन, C₁₅H₂₂O. द्राक्षातल्या अल्फा-ग्वायीनचं (C₁₅H₂₄) ऑक्सिडीकरण होतं, एका कार्बनवरचे दोन हायड्रोजन जातात, तिथे एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने बसतो, आणि मिरीचा वास जन्माला येतो.

रेणू मात्र आधीपासून माहीत होता. त्याचं नावच आलंय सायपेरस रोटंडसवरून, म्हणजे आपल्या दिवाळीच्या उटण्यातल्या नागरमोथ्यावरून! 1967 मध्ये नागरमोथ्याच्या तेलातून तो नोंदवणाऱ्यांत रसायनशास्त्रज्ञ सुख देव होते, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले. हे वाचून कोणी वाइनला आयुर्वेदिक ठरवू नये. एक रेणू सामाईक असला म्हणून दारू औषध होत नाही.

आता प्रदेशाकडे येऊ. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या ग्रॅम्पियन्स भागातली शिराझ या मिरीसाठी ओळखली जाते. तिथल्या एकाच मळ्याचे तुकडे पाडून द्राक्षं तपासली, तेव्हा दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर रोटंडोन जास्त निघाला. दक्षिण गोलार्धात तीच सावलीची, थंड बाजू. हंगाम बदलला की एकूण प्रमाण बदलायचं, पण मळ्यातल्या जास्त-कमीच्या जागा त्याच राहायच्या. घडातसुद्धा सावलीतल्या मण्यांमध्ये तो जास्त सापडतो. फळ पिकताना मणी 25 अंशांच्या वर तापत राहिले तर तो घटतो.

म्हणून 'खडकाची चव वाइनमध्ये उतरते' हे ऐकलं की मला राहवत नाही. खडकातली खनिजं वाफ होऊन नाकापर्यंत येत नाहीत. माती काम करते ते पाणी धरून आणि वेलीची वाढ आवरून. पानं किती दाट, घडावर ऊन किती, हे त्यातून ठरतं. आपल्या नाशिककडेही शिराझ लावतात. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं पिकतात तेव्हा दुपारचा पारा तिशीपार जातो. त्यामुळे तिथली शिराझ चाखताना मी आधी विचारतो, घडांवर दुपारची सावली होती का?