जुने टोन नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याआधी

(कीबोर्डवाले, बेंजो पार्ट्या, घरच्या घरी अरेंजिंग करणारे आणि भजनी मंडळांची रेकॉर्डिंग घेणारे अशा आमच्या सर्व ग्राहकांसाठी)

“नवा कॉम्प्युटर घेतला, सॉफ्टवेअरही नवं टाकलं, पण जुने टोन (सेव्ह करून ठेवलेले वाद्यांचे आवाज) दिसतच नाहीत.” दुकानात हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की शेवटी हे पत्रक छापून घेतलं. टोन बहुतेक वेळा वाचतात. वाचत नाहीत तेव्हा जुना कॉम्प्युटर आधीच फॉरमॅट मारून झालेला असतो. म्हणून बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण एवढं आत्ता ऐका: जुनं मशीन पुसू नका, विकू नका, पोरांना गेम खेळायला देऊ नका. नव्या मशीनवर एकेक टोन वाजवून तुमच्या कानांची खात्री पटेपर्यंत ते जसंच्या तसं राहू द्या.

पुठ्ठा, माग आणि सूत

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरी चादरीचा माग चाललाय त्यांना हे समजावावं लागत नाही. जॅकार्डला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. त्या माळेत सूत नसतं. कुठल्या वेळी कुठला हुक उचलायचा एवढंच त्या भोकांत असतं. हुकांची रचना वेगळी असलेल्या मागावर तीच माळ चढवली तर मोराऐवजी भलतंच काहीतरी विणलं जाईल.

टोनची सेव्ह केलेली फाइल, म्हणजे प्रीसेट, हा असाच पुठ्ठा. त्यात आवाज नसतो. फिल्टर किती उघडा, अटॅक किती, कुठलं बटण कुठवर फिरवलेलं, याची ती नोंद असते. आवाज काढतो तो प्लगइन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडलेलं वाद्य. तो माग. आणि टोन सॅम्पलवर चालणारा असेल, खऱ्या सनईचं किंवा हलगीचं रेकॉर्डिंग आत वापरलेलं असेल, तर ती सॅम्पलं म्हणजे सूत. तिन्ही जागेवर असले तरच चादर निघते. पेनड्राइव्हवर नुसती प्रीसेटची फाइल घेऊन येणाऱ्याला आम्ही आधी “माग कुठाय?” असंच विचारतो.

नवा माग जुना पुठ्ठा घेतो का?

हे प्रत्येक प्लगइनच्या कंपनीने ठरवलेलं असतं, त्यामुळे सरसकट उत्तर नाही. २०१४ च्या सीरम या प्लगइनमधले टोन २०२५ मध्ये आलेल्या सीरम २ मध्ये उघडतात. उलट २०१९ चा मॅसिव्ह एक्स हा जुन्या मॅसिव्हचे टोन घेतच नाही. नाव सारखं असलं तरी आतला माग पूर्ण नवा आहे. अशा वेळी जुना मॅसिव्हही सोबत ठेवावा लागतो, दुसरा इलाज नाही. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: जुन्यातून नव्यात जाणारी वाट बऱ्याचदा एकेरी असते. सीरम २ मध्ये सेव्ह केलेला टोन जुन्या सीरममध्ये उघडत नाही, कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या प्लगइनच्या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं वाद्य जुन्या कॉन्टॅक्टमध्ये उघडत नाही. म्हणून मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका. नवं नाव देऊन वेगळी प्रत करा.

गंमत म्हणजे सगळ्यात जुन्या टोनांचा त्रास सगळ्यात कमी. यामाहाचा डीएक्स ७ हा कीबोर्ड आला १९८३ साली. त्याचे टोन सिसेक्स नावाच्या फाइलीत असतात, एका फाइलीत ३२ टोन, आणि पूर्ण बँकेची फाइल बरोबर ४१०४ बाइटची. डेक्स्ड नावाचा फुकट मिळणारा प्लगइन त्या फाइली आजही वाचतो. रचना सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून चाळीस वर्षांनीही ते टोन वाजतात. कुणाच्या घरी जुन्या डिस्कवर अशा बँका पडलेल्या असतील तर भंगारात टाकण्याआधी आमच्याकडे आणा.

३२ बिट, ६४ बिट आणि व्हीएसटीचे आकडे

जुने प्लगइन ३२ बिटचे, आजची सॉफ्टवेअर ६४ बिटची, त्यामुळे दोन्ही थेट जुळत नाहीत. विंडोजवर एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर दोघांच्या मधे पूल टाकून जुना प्लगइन चालवून घेतं. क्यूबेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरने २०१६ च्या नवव्या आवृत्तीपासून ३२ बिटला दार बंद केलं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटचं काहीच चालत नाही, त्यामुळे मॅक अपडेट करण्याआधी एक फोन करा.

दुसरा घोळ व्हीएसटी २ आणि ३ चा. व्हीएसटी म्हणजे प्लगइन सॉफ्टवेअरला जोडण्याची पद्धत. जुन्या पद्धतीत एका टोनची फाइल एफएक्सपी आणि अख्ख्या बँकेची एफएक्सबी. या फाइलीच्या सुरुवातीला प्लगइनची चार अक्षरी ओळखखूण लिहिलेली असते. सॉफ्टवेअर ती खूण बघतं आणि जुळली नाही तर फाइल चांगली असूनही नाकारतं. व्हीएसटी ३ मध्ये प्रीसेटची फाइल वेगळी, ओळखीची पद्धतही वेगळी. काही कंपन्यांनी जुन्या फाइली घेण्याची सोय ठेवली आहे. जिथे नाही, तिथे आम्ही जुना आणि नवा प्लगइन शेजारी शेजारी उघडून एकेक बटण हाताने जुळवतो. वेळ लागतो, पण होतं.

टोन नक्की कुठे दडलेत?

फॉरमॅट मारणारा माणूस डेस्कटॉप आणि डी ड्राइव्ह वाचवतो, आणि टोन सी ड्राइव्हवर डॉक्युमेंट्समध्ये बसलेले असतात. सीरमचे तिथे एक्सफर नावाच्या फोल्डरात, मॅसिव्ह आणि कॉन्टॅक्टवाल्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचे तिच्या नावाच्या फोल्डरात. काही प्लगइन तर लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरात टोन ठेवतात. म्हणून तुकडे निवडत बसू नका, अख्ख्या सी ड्राइव्हची प्रत काढा.

याहून वाईट म्हणजे जे टोन कुठेच नाहीत. गाणं करता करता बटणं फिरवली, आवाज जमला, प्रोजेक्ट सेव्ह केला आणि झोपलात. तो टोन फक्त त्या गाण्याच्या पोटात आहे, प्रीसेटच्या यादीत नाही. आपल्याकडच्या अरेंजरांचे निम्मे आवडते टोन असेच असतात. जुन्या मशीनवर ती गाणी उघडा आणि प्रत्येक टोन नाव देऊन वेगळा सेव्ह करा. सोबत सॅम्पलंही गोळा करा: एफएल स्टुडिओत झिप करून एक्स्पोर्ट करता येतं, एबलटनमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ आहे, क्यूबेसमध्ये ‘बॅकअप प्रोजेक्ट’.

नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही लिप्यांतली फोल्डरं आमच्याकडे येतात, आणि जुने प्लगइन तिन्हींपुढे सारखेच अडतात. सॅम्पलं डी ड्राइव्हवर होती तर नव्या मशीनवरही ड्राइव्हचं अक्षर आणि फोल्डरांची नावं तीच ठेवा, नाहीतर समोर सूत असूनही मागाला ते सापडत नाही.

टोन उघडला, पण तो आवाज नाही

इथे आमचीच एक चूक सांगतो. एका बेंजो पार्टीचे सगळे टोन आम्ही नीट हलवले, यादी तपासली, मशीन दिलं. तालमीत सनई बेसूर. टोन तोच होता, पण बेंडची रेंज बदलली होती. गाण्यात लिहिलेली असते ती कीबोर्डवरच्या, सूर वरखाली सरकवणाऱ्या बेंडच्या चाकाची हालचाल. ते चाक पूर्ण ढकलल्यावर किती सूर चढायचा हे प्लगइन ठरवतो. जुन्यावर रेंज बारा अर्धसुरांची होती, म्हणजे सा पासून थेट तार सा. नव्यावर नेहमीची दोन. त्यामुळे तार सा ला जाणारी मींड रे वरच थांबायची. तेव्हापासून आम्ही टोन उघडला की आधी चाक ढकलून बघतो.

स्टेजवर प्रोग्रॅम नंबर पाठवून टोन बदलणाऱ्यांनी आणखी एक बघावं. काही ठिकाणी मोजणी ० पासून १२७ पर्यंत असते, काही ठिकाणी १ पासून १२८. एका घराचा फरक पडला की हुतात्मा स्मृती मंदिरात भरलेल्या हॉलसमोर बासरीऐवजी शेजारचा ट्रम्पेट वाजतो. गायकाच्या काळी चारसाठी लावलेलं ट्रान्सपोज, व्हेलॉसिटीचा कर्व्ह (पट्टी किती जोरात दाबली की किती मोठा आवाज), नॉबला जोडलेले कंट्रोल या गोष्टीही अनेकदा प्रीसेटमध्ये नसतात. त्या कागदावर लिहून किंवा फोनवर फोटो काढून ठेवा.

म्हणूनच प्रत्येक महत्त्वाच्या टोनचं जुन्या मशीनवर एक छोटं रेकॉर्डिंग करायला सांगतो: खालचा सूर, वरचा सूर, हळू, जोरात, एक पूर्ण बेंड. वेव्ह फाइलच हवी. जुळवाजुळव करायला तीच आमची पट्टी, आणि उद्या टोन कुठेच उघडला नाही तर तिच्यातून निदान सॅम्पल तरी करता येतं.

दुकानात येताना

शक्यतो अख्खा जुना कॉम्प्युटर आणा, मॉनिटर नको. खरेदी केलेल्या प्लगइनचे ईमेल आणि पासवर्ड आणा; डोंगल (लायसन्सची यूएसबी) असेल तर तोही, कारण तो नेमका घरी राहतो. काही लायसन्स जुन्या मशीनवरून आधी सोडवावी लागतात, ते काम आम्ही तुमच्यासमोर करतो. क्रॅक केलेले (चोरीचे) प्लगइन आम्ही इन्स्टॉल करून देत नाही. त्यात केलेले टोन असतील तर मूळ प्लगइन घ्या, मग पुढचं बघू.

मजुरी टोनच्या संख्येवर नाही, लागणाऱ्या वेळेवर घेतो, आणि अंदाज आधी सांगतो. टोन ऐकून घ्यायला ज्याचे ते आहेत त्यानेच यावं, भावाला पाठवू नये. गड्ड्याच्या यात्रेआधीचा आठवडा आणि गणपतीआधीचे पंधरा दिवस हे काम आम्ही घेत नाही. त्या दिवसांत दुकानात ऑक्टोपॅड आणि मिक्सरच्या दुरुस्तीलाच पाय ठेवायला जागा नसते. आषाढात या, निवांत बसून करू.