मेलॅनोमावरची दुहेरी इम्युनोथेरपी: दुष्परिणामांमागचा इतिहास

मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग शरीरात पसरला की इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब ही प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करणारी औषधं एकत्र देतात. यात निम्म्याहून जास्त रुग्णांना गंभीर दुष्परिणाम होतात. त्याची चाहूल १९९५ मध्येच लागली होती.

रोगांशी लढणाऱ्या टी पेशींना आवर घालणारं सीटीएलए-४ हे प्रथिन ज्यांच्यात नव्हतं, अशी उंदराची पिल्लं तीन-चार आठवड्यांत दगावत. त्यांच्याच टी पेशी बेसुमार वाढून हृदयात, स्वादुपिंडात घुसत. पुढच्याच वर्षी संशोधक जेम्स ॲलिसन यांनी दाखवलं, की हाच लगाम सैल केला तर उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठी विरतात. म्हणजे गुण आणि अपाय दोन्ही एकाच मुळातून येतात. जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या गटाला १९९२ मध्ये पीडी-१ हे टी पेशींना आवर घालणारं दुसरं प्रथिन सापडलं होतं; निव्होलुमॅब तेच रोखतं. ते नसलेल्या उंदरांनाही स्वप्रतिकारक आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे) जडले, पण सावकाश, वय वाढल्यावर. ॲलिसन आणि होंजो या दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं.

माणसांमधलं चित्र २००३ मध्ये दिसलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सीटीएलए-४ रोखणारं औषध एका लसीसोबत १४ रुग्णांना दिलं. तिघांच्या गाठी विरल्या किंवा आक्रसल्या, पण सहा जणांची त्वचा, आतडी, यकृत किंवा पिट्युटरी ग्रंथी गंभीरपणे सुजली.

सीटीएलए-४ रोखणाऱ्या इपिलिमुमॅबला २०११ मध्ये मान्यता मिळाली. मग ९४५ रुग्णांच्या चाचणीचे २०१५ चे आकडे आले: गंभीर दुष्परिणाम दुहेरी उपचारात ५५ टक्के, एकट्या इपिलिमुमॅबने २७, एकट्या निव्होलुमॅबने १६. तरीही दुहेरी उपचाराला मान्यता मिळाली, आणि ती योग्यच होती असं मला ठामपणे वाटतं. पूर्वी हा रोग पसरल्यावर बहुतेक रुग्ण वर्षभरही जगत नसत. या चाचणीत दुहेरी उपचार घेतलेले ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते.

दुष्परिणाम हाताळणं मात्र डॉक्टरांना अनुभवातून शिकावं लागलं. जुलाब लागले की माणूस म्हणतो, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, आणि दुकानातून गोळी आणून दोन-चार दिवस काढतो. इथे तेच जिवावर बेततं, कारण सुजलेल्या आतड्याला भोकही पडू शकतं. वेळेवर स्टिरॉइड मिळालं, तेवढ्याने भागलं नाही तर इन्फ्लिक्सिमॅब हे दाह शमवणारं औषध, तर बहुतेकांचं आतडं सावरतं. पिट्युटरीचं तसं नाही. डोकेदुखी, कमालीचा थकवा, आणि मग बहुधा जन्मभर, शरीरात कमी पडणाऱ्या संप्रेरकाऐवजी, हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या. हृदयाच्या स्नायूंचा दाह विरळा, पण जीवघेणा. तो २०१६ मध्ये ठळकपणे नोंदला गेला.

दिलासा देणारी गोष्ट २०१७ मध्ये कळली: दुष्परिणामांमुळे सुरुवातीलाच उपचार थांबवावे लागलेल्या रुग्णांनाही जवळपास इतरांइतकाच फायदा झाला होता. पुढे इपिलिमुमॅबचा डोस कमी करून निव्होलुमॅबचा वाढवून पाहिला, तेव्हा गंभीर दुष्परिणाम ४८ वरून ३४ टक्क्यांवर आले. पण परिणामकारकतेची तुलना करण्याइतका तो अभ्यास मोठा नव्हता, त्यामुळे कोणता डोस द्यायचा यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही.