ड्यूटेरियम-ट्रिटियम इंधन

केंद्रकीय संमीलनातून, म्हणजे हलकी अणुकेंद्रके एकत्र जोडून, वीज मिळवण्याच्या संशोधनात वापरले जाणारे, हायड्रोजनच्या दोन जड समस्थानिकांचे मिश्रण. ड्यूटेरियमच्या अणुकेंद्रात एका प्रोटॉनसोबत एक, तर ट्रिटियमच्या अणुकेंद्रात दोन न्यूट्रॉन असतात. इतर संमीलन-अभिक्रियांच्या तुलनेत यांची अभिक्रिया कमी तापमानाला घडते. तरीही टोकामॅकमधील (चुंबकीय क्षेत्राने इंधन कोंडून ठेवणाऱ्या कंकणाकृती यंत्रातील) प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तप्त वायू, १० कोटी अंश सेल्सिअसच्या पुढे तापवावा लागतो. प्रत्येक अभिक्रियेत हीलियमचे केंद्रक व एक न्यूट्रॉन निर्माण होऊन १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मुक्त होते. त्यांपैकी १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा त्या न्यूट्रॉनकडे जाते आणि विद्युतभार नसल्याने तो चुंबकीय क्षेत्रात न अडकता थेट भिंतीत शिरतो.

ड्यूटेरियमची वानवा नाही. एक घनमीटर समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३३ ग्रॅम असते, आणि जड पाण्याच्या रूपाने त्याचे औद्योगिक उत्पादन रायगड जिल्ह्यातील थळ येथेही होते. मात्र समुद्रात अक्षय इंधन आहे हे नेहमीचे विधान मिश्रणाच्या या अर्ध्या भागापुरतेच खरे आहे.

ट्रिटियम किरणोत्सर्गी असून त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे. म्हणजे साठवून ठेवले तरी ते दरवर्षी साडेपाच टक्क्यांनी घटते. नागरी वापरासाठीचा साठा प्रामुख्याने कॅनडातील जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून येतो आणि तो किलोग्रॅममध्ये मोजला जातो, तर १,००० मेगावॉट संमीलन-शक्तीची भट्टी वर्षभर अखंड चालली तर एकटी सुमारे ५५ किलोग्रॅम ट्रिटियम संपवील. म्हणून भट्टीनेच आपले ट्रिटियम तयार करायचे, अशी योजना आहे : प्लाझ्माभोवतीच्या आवरणातील लिथियम-६ वर न्यूट्रॉन आदळला की ट्रिटियम व हीलियम मिळतात. पण खर्ची पडलेल्या प्रत्येक ट्रिटियम अणूमागे न्यूट्रॉन एकच मिळतो आणि काही न्यूट्रॉन पोलादात शोषले जातात, काही फटींतून निसटतात. ही तूट भरून काढण्यासाठी आवरणात न्यूट्रॉनांची संख्या वाढवणारे बेरिलियम किंवा शिसे घालावे लागते. हा हिशेब पूर्ण भट्टीच्या प्रमाणावर अजून कोठेही सिद्ध झालेला नाही, आणि संमीलन-विजेचे भवितव्य प्लाझ्माच्या तापमानाइतकेच त्यावरही अवलंबून आहे.

इंग्लंडमधील कलहम येथील जेट या टोकामॅकने १९९७ मध्ये या इंधनापासून १६ मेगावॉट शक्ती मिळवली. कार्बनच्या भिंतीत ट्रिटियम अडकून राहते असे तेथे आढळल्याने पुढे बेरिलियम व टंगस्टनचे अस्तर बसवण्यात आले. त्यानंतर २०२३ मध्ये ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. फ्रान्समध्ये उभारली जात असलेली ईटर ही भट्टी, जिच्यात भारतही भागीदार आहे, बाहेरून आणलेल्या ट्रिटियमवरच चालेल. लिथियम-आवरणाचे लहान नमुने मात्र तिच्यात तपासले जाणार आहेत.