पट्टी आणि लय

पट्टी म्हणजे गाणाऱ्याने आपल्या षड्जासाठी, म्हणजे ‘सा’साठी धरलेली स्वराची उंची. लय म्हणजे गाण्याची गती. दोन मात्रांमध्ये, म्हणजे तालाच्या दोन ठोक्यांमध्ये, किती वेळ जातो, यावर ती ठरते. महाराष्ट्रात गायल्या जाणाऱ्या बहुतेक प्रकारांत लय त्या त्या प्रकाराची असते, पट्टी मात्र गळ्याची. त्यामुळे ‘यमन रागाची पट्टी कोणती’ या प्रश्नाला अर्थ नाही. ज्याचा जसा सा, तसा त्याचा यमन.

पट्टीची भाषा पेटीची आहे. सप्तकातल्या सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या डावीकडून मोजायच्या. पाश्चात्त्य ‘सी’ ती पांढरी एक, ‘सी शार्प’ ती काळी एक. पुरुष गायक बहुधा पांढरी एक ते पांढरी दोन यांच्या दरम्यान गातात, स्त्रिया काळी तीन ते काळी पाच. मैफलीआधी साथीदारांचा पहिला प्रश्न ‘पट्टी कुठली?’ हाच असतो. सर्दी झालेला गवई ‘आज पांढरी एकच ठेवा’ म्हणाला, की तंबोरे उतरतात आणि तबलजी हातोडीने तबल्याचे गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकू लागतो. तबला फार उतरवला तर त्याची आस (घुमत राहणारा नाद) मरते. म्हणून जाणते तबलजी वेगवेगळ्या तोंडाचे तबले बाळगतात. तोंड लहान तसा सूर चढा.

काळी एकचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा, त्याचा पंचम (प) म्हणजे काळी चार, सुमारे 208 हर्ट्झ. पुरुष आणि स्त्री यांच्या गळ्यांत साधारण एवढेच अंतर पडते आणि युगुलगीताची खरी अडचण इथेच आहे: एकाने खर्जात चाचपडायचे किंवा दुसऱ्याने तारसप्तकात ताणायचे. पंडित जसराज यांच्या ‘जसरंगी’ जुगलबंदीने यातून देखणी वाट काढली. दोघे आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग गातात. गायकाने काळी एकमध्ये अभोगी राग धरला, तर त्याचा मध्यम (म) येतो काळी तीनवर. गायिकेने तोच आपला षड्ज मानला की अभोगीचे पाचही सूर तिच्यासाठी कलावती रागाचे होतात.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात पट्टी ठरवण्यात वाद्यांचाही मोठा हात असतो. गिटारवाल्यांना मोकळ्या तारांमुळे ई, ए, डी, जी सोयीचे; ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांना बी फ्लॅट.

लयीचे शास्त्रातले गणित सोपे आहे: विलंबिताची दुप्पट मध्य, मध्याची दुप्पट द्रुत. प्रत्यक्षात ही हद्द फार लांबवर पसरते. उस्ताद अमीर खाँ यांच्या अतिविलंबित झुमरा तालाच्या वळणाने गाताना मिनिटाला 14 मात्रांची लय धरली, तर 14 मात्रांच्या एका आवर्तनाला पूर्ण मिनिट लागते. द्रुत त्रितालात मिनिटाला 320 मात्रा झाल्या की 16 मात्रांचे आवर्तन तीन सेकंदांत संपते. एकाच बैठकीत ही दोन्ही टोके ऐकायला मिळतात. ‘ख्यालाची लय’ असा एक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

वारकरी भजनात लय बैठकीबरोबर चढते. अभंग संथ सुरू होतो, टाळ-पखवाज हळूहळू चढतात आणि शेवटच्या गजरात भजनी ठेका दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, धावतो. ध्वनिवर्धकाविना, उघड्यावर, टाळांच्या गजरावरून आवाज पोचवायचा म्हणून पट्टीही चढी धरतात. पोवाड्याचेही तसेच; तिथे षड्ज तुणतुण्याच्या एका तारेवर. लावणीला सरसकट द्रुत म्हणणे चूक ठरेल: फडावरची ढोलकी जलद असते, पण बैठकीची लावणी संथ चालते, कारण एकाच ओळीवर अदा फिरवून फिरवून करायला सवड लागते. जात्यावरच्या ओवीला ठेका धरणारा कुणीच नसतो, खुंट्याच्या फेऱ्याने तिची लय ठरते. गोव्यात मांडो या संथ गीतप्रकाराला जोडून दुलपद हा जलद प्रकार येतो.

जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून गायकाची पट्टी ठरवताना सावध राहावे लागते. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्यामुळे तासभराचा ख्याल आवळावा लागे आणि लयही वाढे. शिवाय सगळ्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत. गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढली, म्हणजे 78 च्या जागी 83 च्या आसपास फेऱ्या झाल्या, तर काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, आणि लयही तेवढीच चढते.